हुरडा पार्टी (वऱ्हाड)

हुरडा पार्टी म्हणजे ज्वारीची कोवळी, भरलेली पण न वाळलेली कणसे शेतातच विस्तवावर भाजून, त्यांचे दाणे गरम असतानाच अनेकांनी मिळून खाण्याचा कार्यक्रम होय. ज्वारी पिकवणाऱ्या महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत तो होतो. वऱ्हाडात, विशेषतः अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत, त्याला सहकाऱ्यांच्या आठवडाअखेरच्या मेळाव्याचे रूप आले आहे. शाळा, बँका, सरकारी कचेऱ्या, महाविद्यालये आणि बाजारपेठेतील दुकाने येथील मंडळी हिवाळ्यातील एखादा शनिवार किंवा रविवार ठरवून वर्गणी काढतात आणि एखाद्याच्या शेतावर किंवा कृषी पर्यटन केंद्रावर जमतात. मूळ प्रथेत वर्गणी नव्हती. शेतकऱ्याने इष्टमित्रांना आणि आप्तांना दिलेले ते आमंत्रण असे. या कार्यक्रमाची लोकप्रियता वाढत गेली त्याच काळात, ज्या पिकावर तो उभा आहे ती ज्वारी वऱ्हाडातील शेतांतून मोठ्या प्रमाणावर नाहीशी झाली.

संज्ञा

ज्वारीच्या दाण्यात आधी पांढरा चीक भरतो. पुढे तो घट्ट होऊ लागतो, पण दाणा अजून हिरवा, मऊ आणि गोड असतो. या अवस्थेतील दाण्याला आणि तो भाजून केलेल्या खाद्याला, दोहोंनाही हुरडा म्हणतात. पीक या टप्प्यावर पोहोचले की ते ‘हुरड्यात आले’ असे म्हटले जाते. दाण्यातील साखरेचे पुढे पिष्टमय पदार्थात रूपांतर होते व गोडी जाते. एका पेरणीचे पीक हुरड्यासाठी जेमतेम आठवडाभरच योग्य राहते, म्हणून हुरड्याचे आमंत्रण फार आधी देता येत नाही आणि मिळाल्यावर पुढे ढकलताही येत नाही.

‘पार्टी’ हा शब्द अलीकडचा आहे. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘हुरडा खायला जाणे’ एवढेच येई. वऱ्हाडी बोलीत ते ‘हुरडा खायले जाणे’ होते. शेताला येथे ‘वावर’ म्हणतात, बांधाला ‘धुरा’ आणि पिकाच्या ओळीला ‘तास’. हुरड्याची ज्वारी बहुधा धुऱ्याजवळच्या काही तासांत पेरलेली असे.

हरभऱ्याचे घाटे झाडासकट भाजले तर त्याला हुळा म्हणतात आणि गव्हाच्या कोवळ्या लोंब्या भाजून खातात त्यांना ओंब्या. हुरड्याचा हंगाम सरल्यावर त्याच आगटीवर हे दोन्ही प्रकार होतात, पण पार्टीला नाव हुरड्याचेच राहते.

हंगाम

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील हुरडा मुख्यतः रब्बी ज्वारीचा असतो व त्याचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी असा धरला जातो. वऱ्हाडात ज्वारी परंपरेने खरिपाची. पावसाळ्याच्या आरंभी पेरलेली ज्वारी दिवाळीच्या सुमारास हुरड्यात येते. त्यामुळे येथील हुरडा कार्तिक आणि मार्गशीर्षात खाल्ला जातो, तेव्हा थंडी नुकती पडू लागलेली असते. त्याच दिवसांत आवळीभोजनाची, म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवण्याची प्रथाही आहे. शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या वनभोजनांचा ओढा या महिन्याकडे असण्यामागे ती प्रथा आहेच. अलीकडे मागणीमुळे सिंचनावर पुढे-मागे पेरणी करून हंगाम जानेवारीच्या पलीकडेही लांबवला जातो.

भाजण्याची रीत

जमिनीत हातभर रुंदीचा उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात. ज्वाळा व धूर संपून निखारा उरला की तो आगटीचा विस्तव भाजण्यास योग्य समजला जातो. कणसे देठाला धरून त्या निखाऱ्यात व गरम राखेत खुपसतात आणि फिरवत राहतात. लाकडाचा जाळ येथे कामाचा नाही. त्यात वरचा दाणा करपतो आणि आतला कच्चा राहतो. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, वऱ्हाडातील वावरात मुबलक असतात, पण त्यांचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो. त्यांचा उपयोग भरताची वांगी भाजण्याकडे होतो.

भाजलेले कणीस राख झटकून गरम असतानाच दोन्ही तळहातांत किंवा गोणपाटावर चोळतात. दाणे सुटतात. सुपात पाखडून कोंडा उडवला की हुरडा तयार होतो. चोळणे हे कसबाचे काम आहे. हात राठ नसेल तर चटका बसतो आणि कणीस निवू दिले तर दाणा बोंडातून सुटत नाही. म्हणून नवखे पाहुणे उत्साहाने एक-दोन कणसे चोळून बाजूला होतात व काम पुन्हा घरच्या माणसांकडे जाते.

या पद्धतीत एका वेळी थोडेच कणीस भाजता येते. खाणारे नेहमी पुढे आणि भाजणारा मागे, अशी स्थिती असते. आगटीभोवती बसून पुढच्या मुठीची वाट पाहावी लागते. पंगतीतल्या जेवणाप्रमाणे अर्ध्या तासात उठून जाणे शक्य नसल्याने गप्पांना तीन-चार तास आपोआप मिळतात. कचेरीत एकमेकांशी कामापुरते बोलणाऱ्यांना हा कार्यक्रम सोयीचा वाटतो, त्याचे मोठे कारण या संथपणात आहे.

सोबतचे पदार्थ

हुरड्याबरोबर तीळ, शेंगदाणे किंवा जवसाची कोरडी चटणी, गूळ, दही आणि ताक असते. जवसाची चटणी ही विदर्भाची खूण मानावी लागेल. बोरे, पेरू, उसाची कांडी, मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या ओल्या शेंगा हे मधल्या वेळेचे खाणे. अमरावती जिल्ह्याच्या वरुड, मोर्शी, अचलपूर या संत्रापट्ट्यात आंबिया बहाराची फळे याच सुमारास तोडणीला येतात. तेथे हुरडा संत्र्याच्या बागेत होतो आणि परतताना पिशवीतून संत्री दिली जातात.

हुरड्याने भूक भागत असली तरी वऱ्हाडी माणूस त्याला जेवण मानत नाही. जेवण म्हणून भाकर, वांग्याचे भरीत, ठेचा, झुणका किंवा सोल्यांची भाजी असते. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. कणिक मळून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी हा दुसरा प्रकार आहे. चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमच्या यात्रेत रोडग्यांचा नैवेद्य असतो. ही यात्रा दरवर्षी २० डिसेंबरला सुरू होऊन महिन्याहून अधिक काळ चालते, आणि तेथे राहुटी टाकून रोडगे किंवा हंडीतले मटण करून खाण्यासाठी मित्रमंडळींचे व सहकाऱ्यांचे गट सुट्टीच्या दिवशी जातात. संत गाडगेबाबांनी या यात्रेतील पशुहत्येविरुद्ध प्रबोधन केले होते. आजच्या हुरडा पार्ट्यांत शाकाहारी बेत अधिक दिसतो, तो मात्र गटातील सर्वांना चालावे या सोयीपोटी.

आठवड्याची सुट्टी आणि सहकाऱ्यांचे गट

सहकाऱ्यांनी एकत्र बाहेर जाण्यासाठी सर्वांना एकाच दिवशी सुट्टी असावी लागते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी १८९० साली मिळाली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली काही वर्षे लढा द्यावा लागला होता. वऱ्हाडातील शेतमजुराच्या जीवनात रविवारला असे स्थान नव्हते. त्याचा आठवडा गावच्या किंवा जवळच्या बाजाराच्या दिवशी संपे, मजुरीचा चुकारा त्याच दिवशी होई, आणि अजूनही अनेक गावांत होतो. बाजाराचा दिवस म्हणजे त्याची सुट्टी.

नोकरदारांत आठवडाअखेर प्रत्येक खात्याची वेगळी आहे. शनिवारी सकाळची शाळा असल्याने शिक्षक दुपारपासून मोकळे असतात. गावात राहणारा किंवा गावाशी रोजचा संबंध असलेला नोकरदार म्हणजे शिक्षक, म्हणून त्याला हुरड्याचे आमंत्रण सर्वांत आधी मिळे. बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. त्याच्या मोबदल्यात रोजच्या कामाची वेळ वाढवून सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा करण्यात आली. अमरावती हे विभागीय मुख्यालय असल्याने तेथे सरकारी नोकरांची संख्या मोठी आहे आणि अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. या दोन्ही शहरांत सलग दोन दिवसांच्या सुट्टीचा पहिला दिवस सहकाऱ्यांसाठी व दुसरा घरासाठी, अशी विभागणी त्यामुळे शक्य झाली. पोलीस, रुग्णालये, एस.टी. आणि वीजपुरवठा यांतील कर्मचाऱ्यांची सुट्टी पाळीपाळीने येते; त्यांचा सगळा गट एकाच दिवशी शेतावर पोहोचणे अवघडच असते. ज्यांच्यामुळे कापसाच्या हंगामात जिनिंग चालते त्या कामगारांना तर हे दिवस ऐन कामाचे असतात.

मेळाव्याचे स्वरूप

कचेरीतील पार्टीला अनेकदा एखादे सूत्र ठरवले जाते. ‘गावाकडचा दिवस’ हे सर्वांत रुळलेले सूत्र आहे: पुरुषांनी धोतर किंवा पांढरा सदरा व फेटा, स्त्रियांनी नऊवारी, येणे-जाणे बंडीतून म्हणजे बैलगाडीतून, आणि विटीदांडू, लगोरी, दोरीवरच्या उड्या असे खेळ. काही गट वऱ्हाडी बोलीतच बोलायचे, प्रमाण भाषेचा शब्द आला की दंड, असा नियम करतात. शहरात वाढलेल्या तरुण कर्मचाऱ्यांची त्यात फजिती होते आणि एरवी साहेबासमोर जपून बोलणारा शिपाई त्या दिवशी सर्वांत वरचढ ठरतो. खंजिरीच्या साथीने भजने म्हणण्याची पद्धतही आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज मोझरी अमरावती जिल्ह्यातच असल्याने खंजिरी या भागात परकी नाही.

पोशाखाच्या सूत्राला सरकारी कचेऱ्यांत एक अधिकृत नमुनाही आहे. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबाबत काढलेल्या परिपत्रकात जीन्स आणि टी-शर्ट टाळण्यास सांगितले होते आणि दर शुक्रवारी खादी वापरावी असे सुचवले होते. हातमागाला उत्तेजन देणे हा त्यामागील हेतू होता. शुक्रवारचा तोच खादीचा सदरा दुसऱ्या दिवशी आगटीच्या राखेत मळतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय करून उत्पन्न मिळवावे, ही त्यामागील कल्पना. अमरावती व अकोला शहरांच्या आसपास माणशी दर ठरवून हुरडा देणारी ठिकाणे आहेत. तेथे वाहनतळ, स्वच्छतागृह, मुलांसाठी झोके असतात. स्त्री कर्मचाऱ्यांचा सहभाग वाढण्यास या सोयी, विशेषतः स्वच्छतागृह, कारणीभूत ठरल्या. उघड्या वावरात दिवसभर थांबणे त्यांना पूर्वी गैरसोयीचे होते. अशा केंद्रांवर हुरडा कधीकधी बाहेरून विकत आणलेला असतो आणि पाहुण्यांना ज्वारीचे पीक दिसतच नाही.

संकेत आणि वाद

वावरात आलेल्या पाहुण्याकडून पैसे घेणे जुन्या संकेतात बसत नसे. पाहुण्याने रिकाम्या हाताने येऊ नये, चहा-साखर किंवा मुलांसाठी खाऊ आणावा, एवढेच अपेक्षित असे. कणसे मोडताना तासाच्या कडेने मोडावी, ताटे तुडवू नयेत, आगटी विझवून मगच उठावे हे शेतकऱ्याचे नियम आजही सांगितले जातात. बाजूला वेचणीला आलेला कापूस उभा असतो, तेव्हा ठिणगीची भीती खरी असते.

तलाठी, ग्रामसेवक, कृषी अधिकारी किंवा बँकेचा अधिकारी यांना शेतकऱ्याने हुरड्याला बोलावणे ही जुनी रीत आहे. तीत जिव्हाळा असतो, तसा पुढच्या कामाचा हिशेबही असू शकतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार सरकारी कर्मचाऱ्याने भेटवस्तू स्वीकारण्यावर मर्यादा आहेत. साधे जेवण किंवा प्रासंगिक पाहुणचार भेटवस्तूत मोडत नाही, पण ज्यांच्याशी कामकाजाचा संबंध येतो त्यांच्याकडून भपकेबाज किंवा वारंवार पाहुणचार घेणे टाळावे, अशी अपेक्षा आहे. कर्जाचे प्रकरण ज्याच्या टेबलावर आहे त्याला त्याच हंगामात दिलेले आमंत्रण म्हणजे काय, हे दोघांनाही समजते. वर्गणी काढून स्वतंत्र ठिकाणी जाण्याची पद्धत रुजल्याने हा पेच बराच सैल झाला.

वर्गणीने दुसरा प्रश्न आणला. अधिकारी आणि कंत्राटी कर्मचारी यांच्याकडून सारखीच रक्कम घेतली तर ती एकाला किरकोळ आणि दुसऱ्याला दिवसाच्या मजुरीएवढी पडते. न येण्याची मोकळीक कागदावर असते, पण न येणाऱ्याचे नाव सोमवारी निघते. म्हणून काही गटांत पगाराच्या प्रमाणात वर्गणी घेतात, तर काहींत चतुर्थश्रेणी व कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून ती घेतच नाहीत. या दुसऱ्या प्रकारात वाढप्याचे आणि आवराआवरीचे काम न सांगता त्यांच्याच अंगावर येते. याउलट ज्या गटांत भाजण्या-चोळण्याच्या पाळ्या लावल्या जातात तेथे साहेबही राखेत हात घालतात.

ज्वारीची पीछेहाट

वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कापूस, ज्वारी आणि तूर ही तिन्ही पिके एकाच वावरात घेण्याची पद्धत होती. कापूस पैशासाठी, ज्वारी भाकरीसाठी, कडबा बैलांसाठी आणि तूर डाळीसाठी अशी तिची मांडणी होती. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कपाशीच्या सहा ओळी, ज्वारीची एक, तुरीच्या दोन आणि पुन्हा ज्वारीची एक अशी पट्टापद्धत शिफारस केली, तिच्या मुळाशी हीच रीत होती. ज्वारीच्या ताटांवर बसणारे पक्षी कपाशीवरील बोंडअळ्या खातात, हा तिचा आणखी एक लाभ.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण प्रसारित झाला. त्याने उत्पादन वाढले, पण ताट बुटके झाल्याने कडबा घटला. खेड्यांत ‘हायब्रीड’ हा शब्दच या ज्वारीचे नाव बनला आणि तिच्या भाकरीला चव नाही ही तक्रारही त्याबरोबर आली. ऐन काढणीच्या वेळी पाऊस आला तर खरीप ज्वारीचे दाणे काळे पडतात. बाजारात त्यांना भाव मिळत नाही. पुढे सोयाबीन आले. ते लवकर निघते, त्याच वावरात हरभरा घेता येतो आणि त्याला बाजार पक्का आहे. २०२३-२४ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,१८० रुपये, सोयाबीनला ४,६०० रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाला ६,६२० रुपये आधारभूत किंमत जाहीर केली होती. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर कडब्याचे महत्त्वही उरले नाही.

राहिलेल्या ज्वारीला पक्षी आणि रानडुकरे यांचा उपद्रव होतो. गावात सगळीकडे ज्वारी होती तेव्हा पाखरांनी खाल्लेला वाटा सर्वांत विभागला जाई; आता शिवारात एकट्याच उभ्या असलेल्या ज्वारीच्या तुकड्यावर सारे थवे उतरतात. पाखरेही दाणा हुरड्यात असतानाच टिपतात. पूर्वी यासाठी माळ्यावर उभे राहून गोफण चालवत आणि रात्री जागल असे, म्हणजे वावरात मुक्काम करून राखण करत. हुरडा हे मुळात या राखणदाराचे खाणे होते. रात्रभर शेकोटीजवळ बसलेल्या माणसाने हाताशी असलेले कणीस त्याच विस्तवात भाजावे हे ओघानेच आले. जागलीसाठी मजूर मिळेनासे झाले तसे अनेकांनी ज्वारी पेरणेच सोडले.

हुरड्याचे वाण

सर्वच ज्वारीचा हुरडा चांगला होत नाही. दाणा गोड हवा, बोंडातून सहज सुटायला हवा आणि भाजल्यावर मऊ राहायला हवा. वऱ्हाडात यासाठी ‘वाणी’ ही ज्वारी नावाजलेली आहे; इतरत्र गूळभेंडी, सुरती, कुची-कुची असे स्थानिक प्रकार आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही अश्विनी’ आणि ‘पीकेव्ही कार्तिकी’ हे खास हुरड्याचे वाण दिले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने, किरणोत्साराने घडवलेल्या उत्परिवर्तनातून निवडलेला ‘ट्रॉम्बे अकोला सुरुची’ हा वाणही हुरड्यासाठीच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हे रब्बी भागात पेरले जातात.

धान्यासाठी परवडत नसलेली ज्वारी हुरड्यासाठी परवडते, कारण ओला हुरडा किलोवर विकला जातो व त्याचा दर वाळलेल्या धान्याहून कितीतरी अधिक असतो. पीक महिनाभर आधी निघते आणि ताटे हिरव्या वैरणीला येतात. शहराजवळच्या शेतकऱ्यांना हा व्यवहार जमतो. दूरच्या गावात मात्र आठवडाभरात सगळा हुरडा खपवणे शक्य नसते.

अन्य प्रदेशांत

लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्षातील वेळा अमावास्येला गावे ओस पडतात आणि सगळे शेतात जेवायला जातात. तेथे कोणालाही, अगदी अनोळखी वाटसरूलाही, जेवायला बसवतात. उत्तर कर्नाटकात ज्वारीच्या कोवळ्या भाजलेल्या दाण्यांना सीतनी म्हणतात. गुजरातेत सुरतचा पोंक हा हुरडाच आहे आणि त्यासाठी लागणाऱ्या ज्वारीचे नावही वाणी हेच आहे. सुरतेत तो तापीकाठच्या हंगामी दुकानांतून शेव आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर विकला जातो, त्यामुळे तेथील नोकरदार त्यासाठी शेतावर जात नाहीत. शेतच कणसे भाजून शहरात पाठवते.